जवळा बाजारचे मंत्रीचाचा

मंत्रीचाचा चालायला लागले की मागून चार गाड्यांचा ताफा येत असावा असं वाटायचं. माणूस अंगानं काटकुळा, पण पोट पुढे काढून चालायचे. हात जोडलेले, नजर कुणावरच नाही, आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरायची. नाटकाचा खेळ संपला की तेच चाचा खांदे पाडून, चपला घासत आपल्या दुकानाकडे निघायचे. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं. खरं नाव करीम, पण ते रेशन कार्डापुरतंच. हिंदू, मुसलमान, बौद्ध, लहानथोर सगळे त्यांना मंत्रीचाचा म्हणायचे.

मंत्र्याचं सोंग ते कुठून शिकले, हे मी एकदा विचारलं होतं. तरुणपणी निवडणुकीच्या सभांना गाद्या-तक्के पुरवायचं काम त्यांच्याकडे असायचं. गाद्या घालायच्या आणि सभा संपेपर्यंत स्टेजच्या मागे बसून राहायचं. "समोरून तर समदेच पाहतात, बेटा," ते म्हणाले. "मी मागून पाह्यलं. भाषणात गरिबासाठी गळा भरून येते अन् मागं हातानं चिवड्याची प्लेट मागवून राहिले असतात." असं सांगताना त्यांनी हात मागे नेऊन बोटं अशी हलवली, की त्या बोटांत मला अख्खा पुढारी दिसला.

मी डी.एड. करून घरी बसले होते, तेव्हा त्यांच्या नाटकमंडळीत गेले. मंडळी म्हणजे आम्ही पाच जण. चाचा, मी, कॉलेजातली दोन पोरं आणि हलगी वाजवणारा बबन. तालीम आमच्या वस्तीतल्या विहारासमोरच्या पटांगणात व्हायची. विहाराची देखभाल माझे वडील करत. सुरुवातीला ते पायरीवर पाठमोरे बसायचे. काही दिवसांनी तोंड आमच्याकडे झालं, आणि पुढे तर चाचांना चुका दाखवू लागले.

आमचं नाटक एकच होतं आणि ते कधीच तेच नसायचं. मंत्री गावात येतात, खुर्चीवर बसतात, विकासाचं भाषण ठोकतात आणि म्हणतात, "काही तकलीफ?" इथे आम्ही सगळे गप्प व्हायचो. पुढचं नाटक लोकांनी करायचं. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी खरा प्रश्न विचारल्याशिवाय मंत्री खुर्चीवरून उठणार नाही, असा चाचांचा नियम होता. पुढाऱ्याचं नाव मात्र ते कुणालाही घेऊ द्यायचे नाहीत. "नाव घेतलं की लोक त्याच्यावर हसून घरी जातात. नाव न्हाई घेतलं तर घरी जाऊन इचार करतात, हा कोण व्हता."

माझा पहिला खेळ साखऱ्याला झाला. गावात नळ आले होते, पाणी आलं नव्हतं. मारुतीच्या पारासमोर खुर्ची मांडली. भाषण झालं, लोक हसले. मग चाचा म्हणाले, "काही तकलीफ?" कुणी कुणाकडे बघेना. मी हळूच चाचांकडे पाहिलं, तर ते मंत्र्यासारखे आरामात बसून नखं न्याहाळत होते. बराच वेळ गेला. शेवटी मागून एक म्हातारी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "नळाला पाणी कधी येनार, साहेब?"

चाचांचा चेहरा उजळला. "आजी, पाणी येऊनच राहिलं. फक्त वरून खाली यायला टाईम लागते. तवर तुमी नळ स्वच्छ ठेवा."

हशा पिकला. म्हातारी मात्र हसली नाही. ती पुढे आली, "काहून स्वच्छ ठेवू? लेकराइला नळ चाटायला लावू का?" मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. चाचा एकेक उडवाउडवीचं उत्तर देत गेले आणि बाया चवताळत गेल्या. शेवटी मंत्र्याला पळता भुई थोडी झाली. पुढच्या आठवड्यात त्याच बाया जीप करून तालुक्याला, सेनगावला गेल्या आणि पाण्याच्या ऑफिसात तोच प्रश्न विचारून आल्या. पाणी काही लगेच आलं नाही. पण म्हातारीनं चाचांना निरोप पाठवला होता, 'तिथल्या साहेबानं बी बराबर तुमच्यासारखंच उत्तर देलं. आमाला हसूच आलं. मंग भ्याव न्हाई वाटलं.' हा निरोप चाचांनी तालमीत कितीदा तरी सांगितला असेल.

मला रडकी भाषणं लिहायची हौस होती. चाचा ती शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय. पर रडवू नको, बेटा. लोकं घरून रडूनच आलेत."

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या बाजाराला नजर लागली. वेगवेगळ्या समाजांतल्या दोन पोरांचं भांडण झालं होतं, गाडीच्या धक्क्यावरून. फोनवर फिरता फिरता त्याचं भलतंच काही झालं. एका संध्याकाळी दगड पडले. एक आठवडी बाजार भरलाच नाही. त्यानंतर अमक्यांकडून माल घेऊ नका, तमक्यांच्या दुकानात जाऊ नका, असे निरोप घरोघरच्या फोनवर येऊ लागले. चाचांच्या दुकानातून लोक आपल्या गाद्या परत नेऊ लागले. सखुबाई नावाची शेजारच्या खेड्यातली बाई मुलीच्या लग्नासाठी कापूस आणि खोळी ठेवून गेली होती. तिचा दीर येऊन अर्धवट भरलेल्या खोळी टेम्पोत टाकून घेऊन गेला. चाचांनी त्या स्वतः उचलून दिल्या. आमच्यातली कॉलेजची दोन्ही पोरं यायची बंद झाली.

"आता काही दिवस खेळ राहू द्या," मी म्हटलं.

"कोणाला राहू द्या? त्या निरोप धाडणाऱ्याइला का आपल्याला?" चाचा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाजाराच्या दिवशी खेळ व्हईल. लोक न्हाई आले तर तू बोल, मी ऐकतो. बबन वाजवंल."

घरी वडील म्हणाले, "जाऊ नको." मी चपला घातल्या. ते काही वेळ दारात उभे राहिले आणि मग माझ्यामागोमाग आले.

बाजार अर्धाच भरला होता. बबननं हलगीवर थाप मारली, तशी लोकांनी माना वळवल्या, पण जवळ कुणी येईना. जो तो आपापल्या ओळखीच्या घोळक्यात उभा. चाचा आले, पोट काढून, हात जोडून. जाकीट इस्त्रीचं होतं. खुर्चीवर बसले आणि मोकळ्या रस्त्याकडे बघून भाषण सुरू केलं.

"बंधू-भगिनींनो, मला सांगायला आनंद वाटतो की आपल्या बाजारात आता शांतता हाय. गिऱ्हाईक न्हाई म्हणून भावात घासाघीस न्हाई. कोणी कोणाशी बोलत न्हाई म्हणून भांडण न्हाई. हे समदं मी केलं. पुढच्या वर्षी बाजारच बंद करून टाकू, म्हंजे कायमची शांतता!"

कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. "काही तकलीफ?" चाचा म्हणाले.

घोळके जागचे हलले नाहीत. उन्हात ते बसून राहिले. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. तो घाम मंत्र्याचा नव्हता. आता उठा, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. वडिलांकडे पाहिलं, तर तेही बोलण्यासाठी तोंड उघडत होते.

तेवढ्यात भाजीच्या पालामागून आवाज आला, "मंत्रीसाहेब, मह्या पोरीच्या लग्नाच्या गाद्या कोन भरून देनार?"

सखुबाई होती. हातात पिशवी तशीच.

चाचांनी भूमिका सोडली नाही. "बाई, प्रश्न गंभीर हाय. मी चौकशी समिती नेमतो."

"समितीच्या मांडीवर झोपवू का जावयाला?" ती म्हणाली, आणि बाजार खदखदून हसला. घोळके सैल झाले, लोक पुढे सरकले. "समिती नको, पिंजाऱ्याला बोलवा!" मागून एक दणदणीत आवाज आला. तो माझ्या वडिलांचा होता. मग आणखी दोघेतिघे तेच म्हणू लागले.

चाचा उठले. जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं आणि खांदे पाडून, साध्या आवाजात म्हणाले, "पिंजारी हजर हाय."

दुसऱ्या दिवशी सखुबाईच्या खोळी परत आल्या. दिरानंच आणून टाकल्या, खाली मान घालून. आमचं एक पोरगं परत आलं, दुसरं आलं नाही. काही गिऱ्हाइकं कायमचीच तुटली. पण पुढचा बाजार पुरा भरला, आणि मला अजून वाटतं की त्या दिवशी चाचा लवकर उठले असते तर तो भरला नसता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा श्वास अडकू लागला. आयुष्यभराची कापसाची धूळ, डॉक्टर म्हणाले. "लोकाइच्या गाद्या भरल्या, आता माझीच भरली," चाचा म्हणाले. त्यांची मुलगी रेहाना त्यांना शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा वॉर्डातला पंखा बंद होता, पेशंट पुठ्ठ्यांनी वारा घेत होते, आणि चाचांनी तालीम मांडली होती. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एसटीचा ड्रायव्हर होता, त्याला मंत्री केलं होतं. बोलायला दम नव्हता, म्हणून खुणेनं शिकवत होते. पोट पुढे, मान सावकाश. नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि हसत उभीच राहिली.

मला मात्र तिथे उभं राहवेना. चाचांना ते कळलं. त्यांनी माझा हात दाबला. "बस हाय ना तुला? जा मंग," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात रेहानाचा फोन आला, चाचा गेले. मातीला अख्खा बाजार लोटला होता. दोन दिवसांनी मी तिच्यासोबत त्यांचं सामान आणायला वॉर्डात गेले. खाटेवर नवी चादर घातलेली होती. वर पंखा गरगरत होता.

"कधी सुरू झाला?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"चाचा होते तवाच, ताई. डॉक्टरसाहेब राऊंडला आले अन् आमी समद्यांनी मिळून विचारलं. मी तर पडल्या पडल्या. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देला." मग तो रेहानाकडे वळला. "शेवटची रात्र चांगला वारा लागला त्याइला."

रेहाना खाटेच्या कडेला बसली. तिची ओढणी वाऱ्यानं उडत होती, ती तिनं तशीच उडू दिली.