कापसात ठेवलेली वांगी

अमरावतीच्या आमच्या घराशेजारी एक रिकामा प्लॉट होता. मालक पुण्याला, त्याला इकडे फिरकायला सवड नव्हती. आजूबाजूच्या घरांनी त्यात वाफे पाडून वाटून घेतले होते. कुणाची मेथी, कुणाचा पालक, कुणाचा सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, त्यामुळे पुण्याचे पाहुणे बुचकळ्यात पडतात. मधला सगळ्यात मोठा वाफा मात्र मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

त्या वर्षांत सकाळचा पेपर उघडला की आमच्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या असायच्या. मामाजी पेपर पालथा घालून ठेवत आणि प्लॉटवर निघून जात. विहीर आटली, तसं भातकुलीकडचं शेत मक्त्याने देऊन ते आमच्याकडे राहायला आले होते. येताना सोबत काय आणलं, तर वांग्याचं बी! जांभळ्यावर पांढऱ्या रेषांचं, भरताचं, पिढ्यान्‌पिढ्या घरी धरलेलं वांगं. गावात आता सगळे पाकिटातलं बी लावत, हे कुणाकडेच उरलं नव्हतं. आणलेलं बीही जुनं झालेलं. होतं नव्हतं ते पेरलं, तेव्हा मोजकी रोपं हाती लागली. यंदा बी धरलं नाही, तर ते वांगं कायमचं गेलं असतं.

दिवाळी सरली, पहाटे गारवा पडू लागला, तेव्हा त्यांनी सगळ्यात चांगली तीन वांगी बियांसाठी निवडून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. ती झाडावरच पिवळी होऊ द्यायची होती.

"सूनबाई, चिंधीवाल्याले हात लावजो नोको."

"वांगी चोरायला आले का मी तुमच्या घरी?" मी म्हटलं. ते हसले नाहीत. एरवी माझं सगळं ऐकून घेत, पण या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यासाठी मी त्यांना घेऊन अकोल्याला नणंदेकडे गेले, आणि नेमकं तेव्हाच आभाळ आलं. कापूस फुटलेला, तूर फुलोऱ्यावर, अशात आभाळ आलं की वऱ्हाडात कुणाचंच चित्त थाऱ्यावर राहत नाही. मामाजी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून नणंदेच्या अंगणात येरझारा घालत होते. "वांग्याले काई होत नाई पान्यानं," असं स्वतःलाच बजावत होते.

परतलो ते ऑटोतून उतरून थेट प्लॉटवर. वांग्याची झाडं पार रिकामी!

शेजारचे गादीवाले भाई आनंदाने पुढे आले. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा त्यांचा पिढीजात धंदा. "चाचा, फिकर नोका करू. आभाळ दिसलं अन् आमी मियाँ-बीवीनं पुरं येचून घेतलं. एक बी भिजू नाई देल्लं."

मामाजींनी उघड्या डोळ्याने झाडं पाहिली. "अबे, ते वांगं हाय का कापूस?"

भाईंचा जन्म कापसात गेलेला. आभाळ आलं की हाती लागेल ते वेचून आडोशाला न्यायचं, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक. चिंधीवाली तर सगळ्यात मोठी म्हणून आधी तोडली होती. बाकीच्यांचं आजूबाजूच्या घरांत भरीत झालं होतं, ही तीन तेवढी चाचाला दाखवायला ठेवलेली. आणि पाऊस? थेंबही पडला नव्हता.

वांगी नुकती कुठे पिवळी पडू लागली होती. "बी कोवळं असन आतलं. गेलं," मामाजी म्हणाले आणि न जेवता जाऊन निजले. माझा पारा असा चढला होता की भाईंना चार शब्द सुनावणारच होते. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मी तशीच घरात वळले.

भाई ती वांगी दुकानात घेऊन गेले आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगात पुरून ठेवली. आंबे गवतात पिकतात, तर वांगी कापसात का पिकू नयेत, असं त्यांचं म्हणणं. रजयांचा तो ऐन मोसम. "गाहक चिल्ला रहे हैं, और ये बैंगन पलट रहे हैं," भाभी भिंतीवरून मला सांगायच्या.

बऱ्याच दिवसांनी तिन्ही वांगी आली, सुरकुतलेली, पिवळी. मामाजींनी कापून गर पाण्यात चोळला. पोकळ बी वर येतं, भरलेलं तळाला बसतं. आम्ही सगळे घमेल्याभोवती वाकलो. बरंच बी तरंगलं. पण तळाशीही थर दिसत होता. त्यातलं थोडं ओल्या फडक्यात बांधून मी गॅसजवळ ठेवलं. त्याला पांढरे कोंब फुटले, तेव्हा मी तोंडाला पदर लावून रडले. इतकं बरं मला त्या वर्षांत दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं.

वाळवलेल्या बियांच्या मामाजींनी दोन पुरचुंड्या केल्या आणि एक भाईंपुढे धरली.

भाई मागे सरले. "मले काऊन चाचा? मीनंच तं घोळ केला."

"घोळ माया होता. येकाच घरी बी ठेवलं मीनं. आता इकडं गेलं तं तिकडं राहीन."

मामाजी गेले, त्या वर्षी आमच्या घरी कुणाला पेरायचं सुचलं नाही. पुढच्या वर्षी पाहिलं, तर डब्यातल्या बियांना किडे लागलेले. आषाढात भाभींनी भिंतीवरून रोपांची जुडी पुढे केली. वांगी धरल्यावर पहिल्या तोड्याचं भरीत मी आधी त्यांच्याकडे पाठवलं, आणि मग आम्ही जेवायला बसलो.