एक्झिटचा ओटीपी

त्या मंगळवारी दुपारी मी शेंगा फोडत बसले होते, तेवढ्यात फोनवर सहा आकडे आले. मेसेज विद्यापीठाचा होता, इंग्रजीत. मी दोन वर्षं कॉलेजात काढलेली बाई, त्यामुळे अक्षरं लागतात, फक्त सगळी एकदम लागत नाहीत. त्यातला एक शब्द मात्र झटकन ओळखला. एक्झिट. कराडच्या थिएटरात दारावर लाल दिव्यात हाच शब्द असायचा. पिक्चर अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं दार.

विद्यापीठ मला कशाला मेसेज पाठवतं, तर नातीच्या प्रवेशाच्या वेळी तिच्याकडे फोन नव्हता आणि तिच्या बापाचा नंबर सारखा बदलायचा. म्हणून फॉर्मवर माझा नंबर घातला. तेव्हापासून तीन जिल्ह्यांत पसरलेलं हे एवढं मोठं विद्यापीठ काही करायचं झालं की आधी मला विचारतं. नात लॅपटॉप घेऊन शेजारी बसायची, मी आकडे वाचून दाखवायची. तिचा मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडविषय भूगोल, झालंच तर योगासनाचे दोन क्रेडिट, सगळं माझ्या सहा आकड्यांनी ठरलेलं.

हल्लीची पदवी म्हणजे एसटी आहे. वाटेत कुठंही उतरा. एका वर्षावर उतरलात तर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिटं म्हणे कुठल्याशा बँकेत राहतात, पुन्हा आलात की तिथून पुढं. हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ज्या गाडीला इतके थांबे, तिच्यातून आधी पोरींनाच उतरवणार. "दोन वर्षं झाली, कागद मिळाला, आता बास," असं म्हणायला बापांची सोयच झाली की. आणि आमची नात नेमकी दुसरं वर्ष संपवून बसलेली.

म्हणजे कुणीतरी तिला उतरवत होतं. कोण, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. सोमवारीच सूनबाईंनी नातीच्या ब्लाउजचं माप घेतलं होतं. विचारलं तर म्हणे भावाच्या मुलाचं लग्न आहे. असेलही. मुलगा गोठ्यामागे जाऊन फोनवर हळू बोलत होता. विचारलं तर म्हणे ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलतोय. मुकादमाशी कुणी हळू बोलतं का? वर संध्याकाळी मलाच विचारतो, "आये, तुजा फोन कुठं हाय?"

"कशाला?"

"कारखान्याचा मेसेज आलाय का बघायचा व्हता."

मी फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि चार्जिंग संपलंय म्हणून सांगितलं.

बुधवारी दोनदा डबा वाजला. दोन्ही वेळा एक्झिट. दोन्ही वेळा आकडे विचारायला कुणी आलं नाही, हे तर जास्तच संशयास्पद. एकटी नात तेवढी त्या दोन दिवसांत भलतीच गोड झाली होती. पायाला तेल लावून दे, चष्मा पुसून दे. "आज्जी, फोन चार्ज करून आणू का?" बिचारी, मी मनात म्हटलं. हिच्या पायाखालची सतरंजी ओढतायत आणि हिला माझ्या चार्जिंगची काळजी.

त्या संध्याकाळी जेवताना मी तोंड उघडलं. "पोरीला मधीच उतरवायचा बेत हाय न्हवं तुमचा?"

"कशातनं उतरवायचा?" मुलगा म्हणाला.

"कॉलेजातनं. तीन वेळा आकडं आल्यात. म्हातारीला काय कळत न्हाई वाटलं व्हय?"

"आये, देवाशपथ, मला त्या फॉर्मचा पासवर्ड बी ठावं न्हाई."

सूनबाई भाकरी थापायची थांबली. मग आम्ही तिघं एकाच वेळी नातीकडे बघायला लागलो. ती भाकरीला बोटानं भोकं पाडत होती.

"मीच भरत होते," ती म्हणाली.

तिची मैत्रीण पहिल्या वर्षापासून तिच्या शेजारच्या बाकावर बसणारी. ती डिप्लोमावर बाहेर पडून कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात लागणार होती. तिथं अजून एक जागा होती. "ती न्हाई तर मी तिथं एकटी काय करू? तिसऱ्या वर्षाला प्रकल्प असतोय, सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचा. आणि परत येता येतंय की. क्रेडिटं कुठं पळून जात्यात?"

"अगं, आत्याबाईंना सासऱ्यानं शिकू दिलं न्हाई," सूनबाईचा आवाज चढला. "जलमभर सांगत आल्या त्या. आन् तुला आमी हातानं पुढं ढकलतोय, तर तू मागं फिरतीस?"

"तेच की," नात म्हणाली. "आज्जीला दुसऱ्यानं अडवलं. मला कोण अडवतंय? मी माझं मी ठरवतेय."

मी ताक पिऊन टाकलं. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, लष्करी मिशांचा. त्याच्याकडे बघायची माझी टाप नव्हती.

फॉर्मची मुदत गुरुवारी पाचपर्यंत. दुपारी चारला नात लॅपटॉप घेऊन समोर बसली. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "आज्जी, आकडे दे."

डब्यातून फोन काढला. तांदूळ झटकले. वाजला. "आकडं दहा मिन्टं चालत्यात न्हवं?" मी म्हटलं. "देते. आधी ऐक."

आणि मी तिला त्या गाढवीची गोष्ट सांगितली, जी मी होते.

ती गाढवी स्वतःला फार शहाणी समजायची. तिनं कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं, कारण मलकापूरच्या तिच्या मैत्रिणीनं घेतलं. मैत्रिणीनं घेतलं, कारण तो तास चारच्या एसटीच्या आधी सुटायचा. तर्कशास्त्र शिकायला निघालेल्या दोन मुलींचा हा तर्क. दोन वर्षं दोघी एका बाकावर, एका सीटवर, एका वहीवर. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात दोघींची लग्नं झाली. ती पुण्याला गेली, मी इकडं इस्लामपूरच्या बाजूला.

"मग पणजोबांनी अडवलं," नात म्हणाली.

"तुझा पणजोबा एसटीनं कराडला गेला," मी म्हटलं. "कुणी न सांगता. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म घिऊन आला. म्हणाला, पोरी, भर. गाडीपातूर रोज मी सोडत जाईन."

नातीनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"मी म्हटलं, मामंजी, घरच्या कामातनं न्हाई व्हणार. काम कसलं? सासूबाई मला चुलीजवळ येऊ देत नव्हत्या, भाकरी जाळायची मी. खरी गोष्ट एवढीच की एसटीत शेजारची सीट रिकामी असणार होती. त्या सीटला भ्याले मी. वर त्यांना म्हटलं, फुडल्या साली भरीन. त्यांनी फॉर्म पेटीत ठेवला. फुडल्या साली विचारलं, त्याच्या फुडल्या साली बी विचारलं. मग विचारायचं बंद केलं."

"आणि तू आम्हाला सांगितलंस की..."

"एकदा हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, का गं सोडलंस? माझ्या तोंडून निघून गेलं, सासऱ्यानं सोडायला लावलं. बायका अशा हळहळल्या म्हणून सांगू. दोघींनी तर मला दोन-दोन वाणं दिली. मग चटकच लागली. पन्नास वर्षं त्या माणसाच्या नावावर खपवलं."

"आज्जी! ते जिवंत असताना?"

"त्यांच्या कानावर गेलं असणार. कधी बोलले न्हाईत."

नात बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग तिची सरबत्ती सुरू झाली. फॉर्म कुठंय? माहीत नाही, पेटी भंगारात गेली. मैत्रीण पुढं भेटली? एकदा, लग्नात. तिनं पुरं केलं? केलं, पुण्यात, एकटीनं बसून. फोनकडे बघितलं तर दहाची पंचवीस मिनिटं झाली होती.

"परत मागवायचे का आकडे?" मी विचारलं.

तिनं लॅपटॉप मिटला. साडेचार वाजले होते, अजून अर्धा तास होता. ती उठून मैत्रिणीला फोन करायला परसात गेली, आणि मी चोरून ऐकू नये एवढ्या लांब गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. पाच वाजून गेले होते.

सोमवारी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला बसली, तेव्हा आलेला मेसेज मी चष्मा लावून दोनदा वाचला. एक्झिट शब्द कुठं नाही याची खात्री झाली तेव्हाच आकडे सांगितले. पोरीचा काय भरवसा, माझीच नात ती.

आता घरात संशय फक्त माझ्यावर आहे. नातीनं सगळं सूनबाईंना सांगितलंय. काल मी सांगत होते की लग्नाआधी मी विहिरीत वरनं सूर मारायची. सूनबाईंनी भाकरी उलटत विचारलं, "हे तरी खरं का वं, आत्याबाई?"

मी फोटोकडे बघितलं. अर्ध्या पायऱ्या उतरून मारायची, म्हटलं.