नव्वद अंशांवर रुतलेले सोन्याचे कण
पीएच.डी. करत होतो तेव्हा नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. कंत्राटावरचे मदतनीस, पण पंप, ओव्हन, काचेची भांडी, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांच्याशी मी जे वागलो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझं काम प्लास्टिकच्या अतिपातळ फिल्मवर होतं. थर्माकोल ज्या पॉलिस्टायरीनचं बनतं, त्याचाच थर, जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी. शंभर अंशांच्या आसपास त्यातले लांबलचक रेणू हलायला लागतात. त्याखाली ते जागच्या जागी थिजलेले असतात, असं मी शिकलो होतो. फिल्मवर सोन्याचे बारीक कण पसरून मी ती दोन दिवस नव्वद अंशांवर ठेवली आणि मोजणीला बाहेरगावी पाठवली. अहवाल आला, कण फिल्ममध्ये रुतलेत.

म्हणजे ओव्हनचं तापमान कुणीतरी वाढवलं. कुणीतरी म्हणजे मामाच! जेवणाचा डबा ते ओव्हनच्या डोक्यावर ठेवून गरम करायचे, एवढा पुरावा मला पुरला. विभागप्रमुख आणि इतर विद्यार्थ्यांसमोर मी आवाज चढवला, "डब्यासाठी तुम्ही तापमान वाढवलंत."

"न्हाई सर, बटनाला हात बी न्हाई लावला म्या. डबा वर ठिवतो, तेवढंच."

"मग सोनं काय आपोआप बुडालं?"

सगळे हसले. पुढचं कंत्राट मामांना मिळालं नाही आणि ते चाकूरकडच्या आपल्या गावी निघून गेले.

दोन महिन्यांनी मी प्रयोग पुन्हा केला. ओव्हनच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कण पुन्हा रुतले. मग कुठे मी वाचायला बसलो. पृष्ठभागावरच्या काही नॅनोमीटरमधल्या रेणूंना वरच्या बाजूने शेजारीच नसतात, अडवणारं कुणी नसतं. त्यामुळे खालचे थिजलेले असतानाही ते हलत राहतात. ओव्हन बरोबर होता, मामा बरोबर होते, गाढव मी होतो. त्यावर मी प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं, तोंडी परीक्षेत वाहवा मिळवली. मामांना फोन केला नाही. नंबर होता माझ्याकडे.

पुढे लातूरच्या कॉलेजात नोकरी लागली. तिथून मामांचं गाव तासाभरावर, तरी तीन वर्षं मला सवड झाली नाही. सवड कसली, तोंड नव्हतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अखेर गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा मनात घोकलं.

मामा ओसरीवर बसले होते. बरेच थकलेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात जोडले.

"सर, बरं झालं आलात. लई दिवसाचं मनात हाय. तवा माजाच हात लागला असंल बटनाला. मला याद न्हाई, पण तुमी शिकलेली माणसं, खोटं कशाला बोलताल? गलती माजीच. माफ करा."

सून दारात येऊन उभी होती. आत्ता, याच क्षणी सांगायचं, असं मी स्वतःला बजावलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि त्या लाजेनेच माझी जीभ अडकली.

"जाऊ द्या मामा," मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

मामांनी डोळे पुसले. सुनेकडे वळून म्हणाले, "सरांनी माफ केलं गं. चहा टाक."