डाळीच्या बाजूला जाऊ नका

"जेवून आलीस का?" असं खरेदीला निघताना शेजारची चाची विचारायची तेव्हा ती अजून तिच्या पायरीवरच बसलेली असायची. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात घडी घातलेली पिशवी. नाही म्हटलं, की गुडघ्यावरचा हात उचलून ती आमच्या इमारतीकडे दाखवायची. "मग जा, दोन घास खाऊन ये. उपाशी माणूस दुकानात डोळ्यांनी जेवतो."

आम्ही भूगावात राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीला लागून तिचं बैठं घर होतं. घराच्या पुढच्या खोलीला शटर, आणि ते कायम अर्धंच उघडं. घरात दोघंच, चाची आणि चाचा. हमरस्त्यावर स्वस्त मालाचं मोठं दुकान आहे, गावात सगळे त्याला मॉल म्हणतात. इमारतीत नवं बिऱ्हाड आलं, की कुणीतरी त्यांना सांगायचं, पहिल्यांदा मॉलला जाताना चाचीला बरोबर घ्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला विचारल्याशिवाय नव्या माणसाचं बस्तान बसत नाही.

पहिल्या दिवशी मी दारातली ढकलगाडी ओढली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. "चार जिनसा घ्यायच्यात ना? मग टोपली घे. गाडी रिकामी दिसली की माणूस भरतच बसतो." मग चालता चालता एकेक सांगत गेली. पगाराच्या आठवड्यात येऊ नये, रविवारी संध्याकाळी तर नाहीच. आत शिरल्या शिरल्या जे समोर मांडलेलं असतं ते त्यांना खपवायचं असतं, आपल्याला लागतं ते मागे असतं. दह्याचा पुढचा डबा उचलू नये, हात घालून मागचा काढावा, त्याची तारीख पुढची असते. पाकिटावरची किंमत बघू नये, किलोला काय पडतं ते बघावं. आणि तांदूळ तिथे घ्यायचाच नाही. मुळशीत राहून पाकिटातला तांदूळ घेतलास तर लोक हसतील, असं म्हणून तिने मला कोळवणच्या एका शेतकऱ्याचा फोन दिला. त्याच्याकडचा इंद्रायणी मी आजही घेते.

दोनवर एक फुकट अशी पाटी दिसली की ती थांबायची. आमच्या मजल्यावरचे एक साहेब तिच्याबरोबर पहिल्यांदाच आले होते, आणि त्यांनी लोणच्याच्या तीन मोठ्या बरण्या उचलल्या. "फुकटची बरणी ठेवायला बिल्डर फुकट खोली देतोय व्हय?" तिने विचारलं. साहेब हसले आणि तिन्ही घेऊन आले. पुढे बरेच महिने आमच्या मजल्यावर कुणाकडेही जेवायला गेलं तरी पानात तेच लोणचं असायचं.

रमजानात मात्र ती मॉलची पायरी चढत नसे. रोज्यात बाजार केला तर घराचं गोदाम होतं, म्हणायची.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. मॉलमधून आलो की ती स्वतःच्या घरी न जाता माझ्याकडे यायची आणि कात्री मागायची. डाळ, साखर, रवा, पोहे, सगळी पाकिटं कापून ती कापडी पिशव्यांमध्ये ओतायची. रिकामी पाकिटं चुरगळून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि मग मागच्या दाराने आपल्या घरात जायची. मला वाटायचं, तिच्याकडे कचऱ्याची गाडी थांबत नसेल. एके दिवशी मी सहज विचारलं आणि तिने कात्री खाली ठेवली.

त्या अर्ध्या शटरामागे चाचांचं किराणा दुकान होतं. आजूबाजूला भातखाचरं होती तेव्हापासूनचं. मॉल उघडला तसं गिऱ्हाईक आटत गेलं. साखरेचे खडे व्हायला लागले, रव्यात जाळ्या धरायला लागल्या, आणि मग चाचांनी माल भरणं सोडलं. पण सकाळी उठून शटर उघडणं त्यांना सोडता येईना. "दुकान बंद झालं गं," चाची म्हणाली, "पण माणूस कुटं बंद करायचा?"

म्हणून ती दुपारी चाचा नमाजला गेले की मागच्या दाराने दुकानात शिरायची आणि ह्या पिशव्या डब्यांमध्ये रिकाम्या करायची. पौडच्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून चाचा आयुष्यभर माल आणत, तो जुनी ओळख म्हणून अजून थोडं थोडं पाठवतो, असं तिने त्यांना सांगितलं होतं. सकाळी शटर अर्धं वर गेलं की ती पुढच्या बाजूने, पिशवी घेऊन, गिऱ्हाईकासारखी यायची. चाचा तिला दिवसाची डाळ, साखर जोखून द्यायचे. तिच्याच स्वयंपाकघरासाठी. कधीतरी एखादी म्हातारी शेजारीण पावशेर काही घेऊन जायची. चाचा ओंजळीत तूरडाळ घेऊन उजेडात धरायचे आणि म्हणायचे, असा माल मॉलमध्ये मिळेल का? चाची म्हणायची, कुटनं मिळणार.

मी तिला विचारलं, इतकी वर्षं ज्यांनी हाच धंदा केला त्यांना खरंच कळत नसेल?

"कळू नये म्हणून तर तुझ्या दारी येते," ती म्हणाली आणि पुन्हा कात्री उचलली.

हे असं बरेच दिवस चाललं. मग पावसाळ्यात चाचीला ताप आला, सांध्यांचा. तिला उठून बसताही येईना. मुलगी जांब्याला असते, जावई हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. मुलगी दोन दिवस राहून परत गेली. घरातलं सामान संपत आलं. मी म्हटलं, काय हवं ते सांगा, मी आणून देते. त्यावर चाचा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, परक्याच्या लेकीनं आपलं ओझं का वाहावं, मीपण येतो. मॉलमध्ये त्यांनी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

चाचीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्यांना समजवायला सुरुवात केली, मला समजावलं होतं तसंच. जेवून जा. टोपली घ्या. समोरचं उचलू नका. आवाज तापाने बसला होता. शेवटी म्हणाली, "आन् डाळीच्या बाजूला जाऊ नका. तितं गर्दी लई असते. डाळ हाय घरात."

चाचांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला, टोपी घातली. दारातून आत शिरताच गार वारा अंगावर आला तसे थबकले. निळ्या शर्टातली एक मुलगी डबे लावत होती, तिला त्यांनी अदबीने विचारलं, "शेठ कुटं बसतात?" मुलगी हसली, पण चांगलं हसली. इथे कुणी शेठ नसतात काका, म्हणाली. चाचांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नसावं, कारण ते पुढेही मधूनमधून मान उंच करून कुणाला तरी शोधत होते.

मी त्यांना साबणाकडे नेलं, चहाकडे नेलं, तेलाकडे नेलं. पण किराणा दुकानदाराला डाळीपासून किती वेळ लांब ठेवणार? मी तेलाची पिशवी टोपलीत ठेवून वळले, तर ते डाळींसमोर उभे होते.

आधी त्यांनी भाव वाचला. वरची पाटी, मग पाकिटावरचा, मग पुन्हा पाटीवरचा. "ह्या भावात मला पौडचा शेठसुद्धा देत न्हवता," ते म्हणाले. रागाने नाही. "म्हंजी मी काही केलं असतं तरी..." आणि ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मग त्यांनी तूरडाळीचं पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं, अंगठ्याने वरून डाळ जरा सरकवून पाहिली. मी चला म्हणत होते. त्यांना ऐकू आलं नाही.

"ही डाळ मी रोज जोखतो," ते म्हणाले.

शेजारी गव्हाच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर ते बसले. पाकीट मांडीवर होतं. मघाचीच मुलगी लगबगीने आली आणि म्हणाली, काका, मालावर बसू नका. ते ताबडतोब उठले. बसलेली जागा त्यांनी तळहाताने झाडली. "चुकलं बाई," ते म्हणाले. "हे मला कळायला पायजे."

घरी आल्यावर ते पिशवी ठेवून मागच्या अंगणात जाऊन बसले. चाचीने डोळे उघडले आणि मला एवढंच विचारलं, "डाळीकडं गेले व्हते?" मी हो म्हटलं. ती हळूहळू कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, पण ती वळली नाही.

ती उठून चालायला लागली, तेव्हा पहिल्याच सकाळी पिशवी घेऊन पुढच्या बाजूला गेली. शटर खालीच होतं. चाचा घरात बसले होते. ती दारात उभी राहून म्हणाली, डाळ पाहिजे होती. ते म्हणाले, "जोखायचं काय त्यात. पुडीवर लिवलेलं असतं."

ते तिला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तिला तेच सोसवेना. मला म्हणायची, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पाकिटं आता न कापता, पुढच्या दाराने घरात नेऊ लागली. ते समोर ठेवलेल्या ताटातलं थोडं खायचे, थोडं ठेवायचे. नमाजला जाणं कमी झालं, मग घराबाहेर पडणंच थांबलं. डॉक्टरांना काही मोठं सापडलं नाही. थंडी सरता सरता ते गेले.

मातीहून माणसं परतल्यावर बायकांच्या गर्दीत ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताप मला आला व्हता, आन् गेले हे."

त्यानंतर इमारतीत नवी माणसं आली, कुणीतरी त्यांना तिच्याकडे पाठवलंही. ती म्हणायची, मला आता काही आठवत न्हाई, तुमचं तुमी बघा. दुकानाची जागा मुलीने एका प्लॉटच्या दलालाला भाड्याने दिली. डबे, पिंपं भंगारात गेली. तराजू कुठे गेला ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

ती जांब्याला मुलीकडे कायमची गेली, त्याच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती, मॉलमध्ये फारशी माणसं नव्हती. मी बिल देऊन निघत होते तेव्हा मला ती आत दिसली, टोपली हातात घेऊन डाळींसमोर उभी. मी जवळ गेले. टोपलीत काही नव्हतं.

"एकटीला किती लागतं गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अर्धा किलो घ्या, पुरेल बरेच दिवस. तिने अर्ध्या किलोचं पाकीट उचललं, हातात धरून राहिली, आणि परत जागेवर ठेवलं. दुसरं उचललं, तेही ठेवलं. मग टोपली जमिनीवर ठेवून माझ्याबरोबर चालू लागली.

बाहेर पडायच्या दारात रखवालदार प्रत्येकाचं बिल बघून त्यावर शिक्का मारतो. माझ्या बिलावर त्याने मारला आणि तिच्यापुढे हात केला. तिच्याकडे बिल नव्हतं. त्याने हिंदीत विचारलं, पिशवीत काय आहे? मी काही सांगायच्या आत चाचीने पिशवीची घडी मोडली, दोन्ही हातांनी तिचं तोंड फाकवलं आणि ती त्याच्यासमोर धरली. तो वाकून आत बघेपर्यंत ती तशीच उभी राहिली. त्याने जा म्हटल्यावरसुद्धा, थोडा वेळ.