धावजी मापारी आणि काचेची टाकी

महागावच्या धान्यबाजारात धावजी राठोड पस्तीस वर्षं मापारी होता. सोयाबीनच्या कट्ट्याचा, म्हणजे पोत्याचा, एक कान धरून जरासा उचलला की तो वजन सांगून मोकळा व्हायचा, आणि काटा तोच आकडा दाखवायचा. फार तर अर्धा किलो इकडेतिकडे. शेतकरी मालाला पाणी लागलंय हे लपवायला गेला, तर धावजी नुसती मूठ आत घालायचा आणि म्हणायचा, "भाऊ, ह्या कट्ट्यात चार किलो तं पाणीच हाये." त्याच्या बंजारा तांड्यावर त्याचा शब्द वजनाच्या बाबतीत शेवटचा. घरात तर विचारायलाच नको. वजनाची गोष्ट निघाली की बायको सुखीबाई गप्पच बसायची.

सून वर्षा गावातल्या शाळेत मास्तरीण. तिच्या शाळेचे हेडमास्तर सदाशिवराव निवृत्त होऊन नागपूरला निघाले, तेव्हा त्यांची मोठी फिशटँक टेम्पोत मावेना. चार फूट लांब, दीड फूट उंच, दीड फूट रुंद, जाड काचेची. "तूच घेऊन जा पोरी," म्हणाले. वर्षाने टाकी आणली, सोबत ड्रममध्ये अकरा सोनेरी मासे आणले. सरांकडे टाकी भिंतीतल्या सिमेंटच्या ओट्यावर होती. ओटा काही आणता येत नव्हता.

"बापू, हिच्यासाठी स्टँड पाहा लागते," वर्षा म्हणाली.

धावजीने आणि मुलगा इंद्रजीतने टाकी दोन्हीकडून उचलून पाहिली. "पन्नास किलो," धावजी म्हणाला. "स्टँड कायले? कुलरचा पडलाच हाये ना मागं. त्यानं भरलेला कुलर चार उन्हाळे झेलला."

"पण पाणी बी भरा लागते ना त्यात."

"कुलरमध्ये काय हवा भरत होतो काय आपण?"

कुलरचा स्टँड तीन फुटांचा होता. टाकी त्याच्यावर ठेवली तेव्हा दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा फूट बाहेर आली. धावजीने खाली फळी सरकवली, हाताने दाबून पाहिलं आणि बोअरची मोटर सुरू करायला सांगितलं.

रविवारची सकाळ होती. नळीने पाणी पडत होतं. सुखीबाई टाकीच्या पुढ्यातच पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. टाकी पाऊणएक भरली असेल. "चहा ठेवते," म्हणून सुखीबाई उठली, सैपाकघराच्या दारापर्यंत पोचली, आणि मागे 'कट्' असा आवाज झाला.

धावजीने पाहिलं, तर स्टँडचा पुढचा डावा पाय गुडघ्यात मोडावा तसा वाकत होता. त्याने धावत जाऊन टाकीला खांदा लावला. उभ्या जन्मात त्याने कितीतरी कट्टे असे खांद्यावर पेलले होते. पण हे वजन थांबलंच नाही. ते त्याला ढकलत मागे घेऊन गेलं, जसा काही तो तिथे नव्हताच. मग काच फुटली.

पाण्याचा लोंढा घरभर झाला, उंबऱ्यावरून अंगणात गेला. "याडी ये!" सुखीबाई आईचा धावा करत दारात किंचाळली. मासे फरशीवर तडफडत होते. वर्षा पातेलं घेऊन एकेक मासा वेचू लागली. धावजीच्या हातातून रक्त गळत होतं. त्याला ते दिसलंच नाही. तो पाटाकडे पाहत होता. पुढच्या काचेचा हातभर लांब, टोकदार तुकडा पाटाच्या फळ्यांच्या फटीत उभा अडकला होता. सुखीबाईची मांडी जिथे होती, तिथे.

दवाखान्यात हाताला सात टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" इंद्रजीतनेच सांगितलं.

घरी आल्यावर वर्षाने वही घेतली. लांबी, रुंदी, उंची मांडली. "बापू, काठोकाठ भरली असती तं अडीचशे लिटर. एका लिटरचा एक किलो."

"म्हणजे अडीच क्विंटल?"

"नुसतं पाणी. वरून काच, रेती, गोटे. सव्वातीन धरा."

धावजी भिंतीला टेकला. सव्वातीन क्विंटल! साठ-साठ किलोचे जवळपास साडेपाच कट्टे! कुलरमध्ये पाणी तळाशी वीतभर असतं, बाकी सगळा पत्रा आणि गवत. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? मुठीत पाणी ओळखणारा माणूस अख्ख्या टाकीतलं पाणी विसरला. दोन दिवस तो बाजारात गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, तर कट्ट्याचा कान धरला आणि आकडा सांगेचना. लोक वाट पाहत होते. "काट्यावर ठेवा," एवढंच तो म्हणाला.

टाकीचा विषय आता घरात कोणी काढणार नाही, असं त्याला वाटलं होतं. काढला तो सुखीबाईने. ड्रमपाशी वाकून ती माशांना दाणे टाकत होती.

"ह्याईले दुसरी टाकी आणा. ड्रममध्ये काहीच दिसत नाई."

धावजी तिच्याकडे बघतच राहिला. "तू मरता मरता वाचली!"

"वाचली ना? मंग आणा."

इंद्रजीतने यवतमाळहून तशीच टाकी आणली आणि धावजी प्रफुल्लच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. तिथे तयार स्टँड बरेच होते. एक वेलबुट्टीचा, दिसायला झकास. धावजीने त्याला बाजूने ढकललं, तर तो झुलला. एक लाकडी कपाटासारखा होता. त्याच्या खालच्या फळीला पाणी लागून आधीच फुगवटा आला होता. धावजी प्रत्येकावर बसून पाही, मग ढकलून पाही.

"काका, तुमी सोयरीक जमवून राह्यले काय?" प्रफुल्ल हसला. धावजीचा चेहरा पाहिल्यावर मात्र त्याचं हसू गेलं. त्याने दोन स्टूल ओढले आणि नीट समजावून सांगितलं. स्टँड टाकीच्या मापाचाच पाहिजे, टाकीचा काठ बाहेर लोंबला नाही पाहिजे. पाय बरोबर चारी कोपऱ्यांखाली, आणि मध्ये अजून दोन. मागून तिरप्या पट्ट्या, म्हणजे झुलणार नाही. वरची फळी एकसारखी सपाट, तिच्यावर थर्माकोल, म्हणजे काचेला कुठे खडा टोचणार नाही.

"जाड चौकोनी पाइप घे," धावजी म्हणाला. "आणि वेल्डिंग करताना मी इथंच बसतो."

चार दिवसांनी स्टँड आला. धावजीने तो अंगणात ठेवून त्यावर सोयाबीनचे सहा कट्टे रचले आणि आठ दिवस तसेच राहू दिले. रोज सकाळी पायांना दोरी लावून पाहायचा. काही वाकलं नाही. मग घरात, फरशी ठोकून जिथे पोकळ वाजत नव्हती तिथे, भिंतीला लागून स्टँड मांडला. पाणसळ लावून सहाही पाय समान केले.

पाणी भरायला अख्खी सकाळ घेतली. वीतभर भरलं की थांबायचं, पाय चाचपायचे, मग पुढे. टाकी भरली. मासे सोडले. वर्षाने टाळ्या वाजवल्या. धावजी मात्र घामाने भिजला होता, स्टँडवरचा हात काढत नव्हता.

सुखीबाई शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ मासे पाहिल्यावर ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी चहा ठेवायले नोती उठली."

"मंग?"

"मले आवाज आलता. कुरकुर. दोनदा. भेव वाटलं म्हणून उठली."

धावजी तिच्याकडे वळला. "मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? तुमी म्हणले असते, तुले वजनाचं काय समजते."

धावजीने स्टँडवरचा हात काढला. वर्षा मान खाली घालून नळी गुंडाळत राहिली. पाण्यात मासे फिरत होते.

मग धावजी बाजूला सरकला. स्टँडच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "आता तू आयक. येते काय आवाज?"

सुखीबाई खाली बसली. पदर सावरून तिने पायाला कान लावला.

"नाई," ती म्हणाली. "काहीच नाई."