खुंटीवरचा पट्टा

आमच्या आणि काकांच्या वाडीत विहीर एकच, आणि पाण्याचं इंजिनही एकच. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बांधावरच्या चार माडांवरून दोघांचं बोलणं तुटलं, ते अकरा वर्षं. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सालाही एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. पण पाण्याची पाळी कधी मोडली नाही. आपला दिवस संपला की इंजिनाचा पट्टा विहिरीजवळच्या खोपीतल्या खुंटीवर टांगायचा. दुसऱ्यानं तो आपल्या दिवशी सकाळीच काढायचा, आधी हात लावायचा नाही.

ते साल आणीबाणी उठल्यानंतरचं. एप्रिल महिना, केळी करपत होत्या. दुपारी दीडला मी शाळेत शिकवून आलो, तर बाबा ओट्यावर बसलेले आणि पट्टा त्यांच्या मांडीवर. दिवस काकांचा होता.

"तो आडवा आला," बाबा म्हणाले. "मी ढकलला. इंजिनाच्या चाकावर पडला. उठत नाही."

मी पट्टा उचलला आणि केळींतून खोपीकडे गेलो. काका कुशीवर पडले होते. त्यांना ओलांडून मी पट्टा खुंटीवर टांगला आणि आलो तसाच परत फिरलो. वाकून श्वास पाहिला नाही. इतकी वर्षं फादरांसमोर कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकले, पण हे तोंडातून निघालं नाही.

संध्याकाळी काकूला ते मरून पडलेले सापडले.

तपासाला साध्या वेशातले एक फौजदार आले. माणूस घाटावरचा, सावकाश बोलणारा. आठ दिवस आमच्याच ओट्यावर बसून चहा प्यायले. भावांचं वैर त्यांना गावानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मास्तर, तुमच्यातलं कुणी पाळी नसताना तिकडं गेलं असंल?"

"पट्टा खुंटीवर होता ना, साहेब? आमचं कुणी पाणी घ्यायला गेलं असतं तर पट्टा इंजिनावर दिसला असता."

"आमच्याकडं पाण्यावरनं डोकी फुटत्यात, आन् तुम्ही खुंटीचे कायदे सांगताय."

पण त्यांनी चौकशी केली. नाक्यावरचा दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, हे भाव एकमेकांचा गला धरतील, पन पट्टा नाय धरायचे!" चार वाड्यांत त्यांना हेच ऐकायला मिळालं. मग त्यांची नजर आमच्या घरावरून काकांच्या घराकडे वळली. काकांचा एकुलता मुलगा जागा विकून विरारला फ्लॅट घ्यायचा म्हणत होता. आदल्या आठवड्यात बापलेकांचा आरडाओरडा साऱ्या आळीनं ऐकला होता. त्याला नेलं तेव्हा मी ओट्यावरच होतो. त्याला पाढे मीच शिकवले होते. जीपमध्ये चढताना तो मला म्हणाला, "दादा, आईकडे बघ हां."

मी बघितलं नाही. काकूसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

दीड वर्षानं कोर्टानं पुराव्याअभावी त्याला सोडलं. गावानं सोडलं नाही. जागा विकून मायलेक विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत गेले. बाबा आणि मी एकमेकांसमोर जेवत राहिलो. त्या दुपारबद्दल दोघांपैकी कुणी शब्द काढला नाही. मी लग्न केलं नाही. कुणाच्या शेजारी आयुष्यभर निजायचं आणि हे सांगायचं नाही, हे जमलं नसतं. बाबा गेले तेव्हा घरात बोलायला कुणी उरलं नाही. तसं आधीही नव्हतंच.

बाबांच्या महिन्याच्या मिस्सानंतर मी मनवेलपाड्याला गेलो. काकू आदल्याच वर्षी गेली होती. काकांच्या मुलानं दार उघडलं. केस पिकले होते.

"ये दादा, बस." त्यानं स्वतः चहा केला.

मी सगळं सांगितलं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "तू गेलास तेव्हा बाप जिवंत होता?"

"माहीत नाही. मी पाहिलं नाही."

"कोर्टात डॉक्टर म्हणाला होता, पडल्यावर तासभर तरी जीव होता."

तो उठला, माझ्यापुढचा भरलेला कप उचलला आणि मोरीत ओतला. कप धुऊन पालथा घातला.

मी चपला घातल्या. मला दादा म्हणणारं नात्यात दुसरं कुणी नव्हतं.