जावयाच्या नावाची भांडी

भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस मान खाली घालून बसला होता. लेकीच्या लग्नाचा डबा त्याच्यासमोर ठेवत एक बाई म्हणाल्या, "जावईबापूंचं नाव घाला." त्याचं यंत्र करकरलं आणि मला माझं घर मोडलं तो दिवस आठवला.

घटस्फोटाच्या वेळी सामानाची वाटणी करताना मीच नियम सुचवला होता: ज्याचं नाव, त्याचं भांडं. ऐकायला किती सरळ! पण सुमनच्या आईने जावयाचा मान म्हणून सगळ्या भांड्यांवर माझंच नाव घातलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही सुमनने काही लपवून नेऊ नये, म्हणून तिचं प्रत्येक खोकं मी उघडून पाहत होतो.

"अहो, नीट बघा. एखादी वाटी माहेरी पळून जायची," ती म्हणाली.

मी खरोखरच पुन्हा पाहिलं. आपल्याच मनात लबाडी असली, की समोरच्याच्या हातांवरून नजर हटत नाही.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत राहिलो, की भांडी तिने स्वतःहून सोडली. ते खोटं होतं.

काल मुलीला फोन केला. म्हटलं, "ही भांडी तुझ्या आईची आहेत. तिच्याकडे पोचती कर."

ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा. बदल्यात काय हवंय?"

"काही नको," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही, हे मला फोनवरही कळलं. तिच्या जागी मी असतो, तर माझाही बसला नसता.